फोटोच्या कडेचा हात

“माझा हात कुठं गेला?”

सासूबाईंनी हे इतक्या मोठ्यानं विचारलं, की शिडीवर चढून दिवा बसवणारा वायरमन काम थांबवून खाली बघू लागला. फोटोवाली मुलगी धावत आली. आमच्या ह्यांना मात्र नेमका त्याच वेळी खिडकीच्या काचेवर एक डाग दिसला आणि ते तो रुमालानं पुसत बसले.

आम्ही जुन्या बर्फखान्यात उभे होतो. बर्फखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. यंदा त्याला आतून पांढराशुभ्र रंग दिला, भिंतींवर दिवे लावले आणि दारावर पाटी चढवली, ‘जुनं बेट : फोटोंमधून’. जागा मच्छीमार सोसायटीची. फोटो गोळा करायला पलीकडच्या किनाऱ्यावरून एक मुलगी आली होती. सरकारी कपाटांतून, जुन्या पेट्यांतून, लोकांच्या घरांतून तिनं ते जमवले. बेटावर तिला सगळे फोटोवालीच म्हणतात. उद्या सकाळी उद्घाटन होतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी आमचे हेच असल्यामुळे आम्हाला आदल्या दिवशी दुपारी आत जायची मुभा होती. “आईला आज नको नेऊस,” असं ह्यांनी मला दोनदा बजावलं होतं. मला वाटलं, गुडघ्यांची काळजी असेल. मी नेलं.

दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत यायलाच सासूबाईंना अर्धी दुपार लागली. उलट्या होडीवर ओळीनं बसलेली मुलं, बेटावर आलेला पहिला रेडिओ आणि त्याच्याकडे संशयानं बघणारी माणसं, बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून नेणारे गडी, वादळानंतर झाडात अडकलेलं जाळं. प्रत्येकापाशी त्या थांबत होत्या. वाळूवर मासे पसरणाऱ्या बायकांच्या फोटोखाली ‘अनामिक स्त्रिया’ असं लिहिलं होतं. “अनामिक कसल्या? ही डावीकडची माझी जाऊ,” त्या म्हणाल्या. “पाठीवरून ओळखते मी तिला. जन्मभर माझ्याकडं पाठ करूनच बसली.” फोटोवाली हसली आणि तिनं ते लिहून घेतलं. सगळं कसं गोडीगुलाबीनं चाललं होतं.

मग शेवटची भिंत आली. तिथं माझ्या सासऱ्यांचा फोटो भिंतभर मोठा करून लावला होता.

हा फोटो मला पाठ आहे, कारण त्याची जुनी प्रत आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर टांगलेली आहे. इस्त्रीचा शर्ट घातलेले सासरे लोखंडी रहाटाच्या दांड्यावर हात ठेवून उभे. रहाटावरून निघालेला ताणलेला दोर उजव्या बाजूनं फोटोबाहेर गेलेला. आणि डाव्या कडेला, खाली, एक हात. कोपरापासून पुढचा, मनगटाला चिंधी गुंडाळलेली, मुठीत ब्रेकचा दांडा. बाई दिसत नाही, नुसता हात. भिंतीवरच्या फोटोत तो हात नव्हता. फोटो तिथंच, ब्रेकच्या अलीकडेच संपला होता. खाली लिहिलं होतं, ‘रहाटवाला. नजर दूर समुद्राकडे.’

“कडेला काहीतरी अर्धवट दिसत होतं, आजी,” फोटोवाली अडखळत म्हणाली. “ते काढलं तर फोटो स्वच्छ दिसेल, असं मला सांगितलं...”

“कोणी सांगितलं?”

मुलगी चांगल्या घरातली. तिची नजर फक्त खिडकीकडे गेली. तिथं आमचे हे अजून तोच डाग पुसत होते. आता काच झिजायची वेळ आली होती.

सासूबाईंना कळलं. मलाही कळलं. त्या दोन पावलं पुढं गेल्या आणि त्या पाटीवर बोट ठेवून म्हणाल्या, “आणि हा समुद्र कुठला? दोर जातोय तिकडं समुद्र. हे तर दुसरीकडंच बघतायत. इकडं काय होतं, तुला ठाऊक नाही का रे? इकडं मी होते.”

ह्यांनी रुमालाची घडी घातली. “आई, घरी बोलू.”

“घरी बोलू. पण उद्या दार उघडायच्या आत माझा हात परत आला पाहिजे. नाहीतर तो फोटो उतरव.”

आता हा रहाट म्हणजे काय, ते सांगायला हवं. नवा धक्का झाल्यापासून बेटावरच्या तरुण पोरांनी तो चालताना पाहिलेलाच नाही. पूर्वी होड्या बांधायला आमच्याकडे जागा नव्हती. लाटा सरळ वाळूवर येऊन आपटायच्या, आणि पाण्यात ठेवलेली होडी सकाळपर्यंत सरपणाच्या कामाची व्हायची. म्हणून प्रत्येक होडी दोरानं ओढून चढणीवर आणावी लागे. चढणीच्या माथ्यावर रहाट रोवलेला. गडी होडीतून उतरून त्याचा दांडा फिरवायचे, दोर गुंडाळला जायचा आणि होडी कुरकुरत वर यायची. चाक मागं फिरू नये म्हणून त्याला एक खिट्टी होती. ती पहिल्याच वर्षी तुटली. सोसायटीनं नवी मागवली, ती अजून यायची आहे. तेव्हापासून भरलेली होडी चढणीवर धरून ठेवायची ती फक्त बाजूच्या ब्रेकनं, आणि ब्रेक धरायचा तो माझ्या सासूबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा रहाटावरचा म्हातारा मरायला टेकला होता, दुसरं कोणी तयार नव्हतं, ह्या म्हणाल्या मी धरते. धरला तो धरलाच. बेटानं त्यांचं नाव ब्रेकवाली ठेवलं आणि वय झाल्यावर बढती देऊन ब्रेकआजी केलं. हाताला ब्रेक आहे, जिभेला बसवायचा राहिला, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत आणि त्यांनाही ते आवडे.

होडी वर आली की तिच्याखाली लाकडाची पाचर ठोकायची. पाचर घट्ट बसली की ठोकणाऱ्यानं हाक द्यायची, “टेकली!” ही हाक कानावर येईपर्यंत ब्रेकवरचा हात हलायचा नाही. वीज पडो, घर पेटो, कोणी साहेब येवो. आणि पाचर बसल्याशिवाय हाक द्यायची नाही. अजूनही बेटावर कोणाला खोटारडा म्हणायचं असेल तर “हा पाचरीविना हाक देतो” असं म्हणतात.

ही हाक द्यायचे माझे सासरे. जन्मले मासेमाराच्या घरात, पण त्यांना बोट लागायची. दोन लाटांवर होडी हलली की पोटातलं सगळं बाहेर. बापानं मारून पाहिलं, भावांनी बांधून नेऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. लोकांनी नाव पाडलं, कोरडा. मग हा कोरडा माणूस घर बघू लागला. स्वयंपाक केला, मूल वाढवलं, आणि होड्या यायच्या वेळेला पाचर आणि हातोडा घेऊन वाळूवर उभा राहू लागला. एकदाच, ते तापानं फणफणले होते तेव्हा, त्यांच्या जागी होडी हाकणाऱ्या एका तरण्या तांडेलानं पाचर मारली. मारली कसली, घाईत नुसती टेकवली आणि हाक दिली. सासूबाईंनी ब्रेक सोडला आणि होडी त्याच्याच पायावरून खाली गेली. तो लंगडा तांडेल अजून आहे, आणि चूक माझीच होती असं स्वतःच सांगतो. पण त्यानंतर सासूबाई एकाच आवाजावर हात सोडायच्या. दुसऱ्या कोणी घसा फोडून ओरडलं तरी त्या हलायच्या नाहीत.

आणि अशात एक दिवस कोणी बडे अधिकारी बेट बघायला आले. त्यांच्याबरोबर फोटोग्राफर. होडी अर्ध्या चढणीवर होती तेवढ्यात साहेबांना दृश्य आवडलं. गड्यांना बाजूला केलं. रहाटाशी बाई बघून फोटोग्राफरनं नाक मुरडलं. “बाई, जरा बाजूला व्हा. पुरुष कोणी आहे का इथं?” पुरुष होता, खाली होडीपाशी पाचर घेऊन. त्याला वर बोलावलं, कोणाचा तरी इस्त्रीचा शर्ट त्याच्या अंगात कोंबला आणि रहाटाशी उभं केलं. म्हणजे आता दांडा फिरवायला कोणी नाही, पाचर मारायला कोणी नाही, आणि माशांनी भरलेली होडी अधांतरी. सासूबाई बाजूला झाल्या, पण हात ठेवून झाल्या. फोटोबाहेर अंग मुडपून जमिनीवर बसल्या आणि एकट्यानं सगळा भार धरून ठेवला. “इकडे बघा, इकडे,” असं फोटोग्राफर ओरडत राहिला. सासऱ्यांनी काही कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. ते बायकोच्या मनगटाकडे बघत होते.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर ह्यांनी ताटातला मासा नुसता इकडून तिकडे केला. शेवटी तोंड उघडलं.

“छापून झालंय, आई. आता काही होत नाही.”

“का कापलास?”

“अगं, एक हात तर आहे! त्यात तू ओळखू तरी येतेस का?”

“ते सोड. का कापलास?”

ह्यांनी ताट पुढं सारलं. “कारण त्या हाताकडं बघितलं की लोक हसतात म्हणून! शाळेत मला काय म्हणायचे ठाऊक आहे तुला? कोरड्याचा पोरगा. बायकोच्या जिवावर जेवणाऱ्याचा पोरगा. सगळ्यांचे बाप समुद्रावर, माझा बाप चुलीपाशी. लोकांच्या बापांच्या गोष्टी वादळांच्या, आणि माझ्या बापाची गोष्ट काय, तर पाचर! अख्ख्या आयुष्यात बाबांचा एकच फोटो आहे ज्यात ते पुरुषासारखे उभे आहेत. एकच. तो तरी पुरा त्यांचा असू दे की. तुला तर सगळं बेट ओळखतं.”

मला ह्यांचं खरंच वाईट वाटलं. एवढं मोठं माणूस, डोक्यावर केस उरले नाहीत, सोसायटीच्या मीटिंगा गाजवतात, आणि आत अजून शाळेतलं पोर रुसून बसलंय. मी पाण्याचा पेला पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

सासूबाई मात्र विरघळल्या नाहीत. त्या उठल्या, मिठाच्या बरणीवरचा फोटो नीट केला. तो नीटच होता.

“त्यांना हवं होतं का असं उभं राहायला?” त्या म्हणाल्या. “फोटो निघाल्या निघाल्या त्यांनी तो शर्ट अंगातून ओरबाडून काढला. उघड्या अंगानं खाली पळाले आणि पाचर मारली. हाक दिली तेव्हा रडत होते. सगळ्यांच्या देखत. माझी बोटं मिटली ती उघडेनात. घरी आणून बसवलं मला, तेल कोमट केलं, आणि एकेक बोट सरळ केलं. त्या दिवसापासून रोज. तू बघितलंयस.”

ते मीही बघितलं आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हे कसलं घर, इथं सासरे सासूच्या हाताला तेल लावतात! मी दवाखान्यात मलमपट्टीचं काम करते, हात पुष्कळ पाहिले, पण असा दुसरा पाहिला नाही. अंगठ्यापासून सुरुवात करून सासरे एकेक बोट उलगडत जायचे. करंगळी कधीच पुरती सरळ व्हायची नाही. तिच्याशी ते झगडायचे नाहीत. “ही राहू दे ब्रेकला,” म्हणायचे आणि तेलाची वाटी उचलायचे.

“पोस्टानं फोटो आला तर त्यांनी स्वतः चौकट बनवली,” सासूबाई पुढं म्हणाल्या. “मी म्हटलं, कशाला लावता, मी कुठं आहे त्यात? तर म्हणाले, तूच आहेस, मी तर नुसता उभा आहे. लाज त्यांना नव्हती रे. लाज तुला आहे. तुझी लाज तू सांभाळ, माझा हात का कापतोस?”

ह्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं. उत्तर नसलं की माणूस कामाचं बोलतो. “उद्या मोठे साहेब येणार आहेत. पेपरवाले येणार आहेत. आता तमाशा नको, आई.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

त्या भांडतात तोवर मला काळजी नसते. त्या ‘बरं’ म्हणाल्या की ती सुरू होते.

सकाळी उठून बघते तर अंथरूण रिकामं. दारामागच्या खुंटीवर त्यांचा ठेवणीतला पोशाख तसाच, आणि ट्रंकेतले कामावरचे जुने कपडे गायब. माझ्या उशीच्या नव्या कोऱ्या अभ्र्याची एक पट्टी फाडून नेलेली. मला लगेच उलगडा झाला, आणि खरं सांगायचं तर अभ्र्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मी पोचले तेव्हा बर्फखान्याच्या दाराशी फीत बांधली होती, आणि फितीखालून वाकून अर्धं बेट आत शिरलं होतं. शेवटच्या भिंतीपाशी, त्या मोठ्या फोटोसमोर, जुना रहाट आणून ठेवला होता. त्याला काळा चकचकीत रंग दिलेला, भोवती जाड दोरी, आणि पाटी, ‘कृपया हात लावू नये’. दोरीच्या आत सासूबाई बसल्या होत्या. फरशीवर, गुडघे मुडपून, मनगटाला माझ्या अभ्र्याची पट्टी गुंडाळून. दोन्ही गुडघे दुखत असणार, ते मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं. ब्रेकचा दांडा मुठीत घट्ट धरलेला. फोटोच्या डाव्या कडेशी, हात जिथं असायला हवा होता तिथं.

ह्यांचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला होता. “आई, ऊठ. साहेब येतायत.”

“येऊ देत.”

“सगळे बघतायत.”

“त्याचसाठी लावलंय ना हे सगळं? बघायलाच.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सूनबाईंनी समजूत काढावी, अशी अपेक्षा. मी आवारात गेले, माशांचा एक रिकामा खोका उचलून आणला आणि सासूबाईंच्या पाठीशी टेकायला लावला. ह्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी मागं न बघताच पाठ टेकली.

साहेब आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. साहेब भले माणूस होते, फोटो बघत बघत, माना डोलवत शेवटच्या भिंतीपर्यंत आले आणि थांबले. त्यांच्याबरोबर पेपरचा फोटोग्राफर होता, तरुण, घाईतला. त्यानं साहेबांना रहाटाशेजारी उभं केलं, कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, “आजी, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय.”

ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सासूबाईंकडे माना वळवल्या, आणि ज्यांना नव्हतं त्यांनी बाकीच्यांकडे बघून.

“एकदा झाले होते बाजूला,” सासूबाई म्हणाल्या. “आता नाही व्हायची.”

फोटोवाली पुढं झाली. तिचे डोळे लाल होते, बहुतेक झोपली नव्हती. ती साहेबांना म्हणाली, “सर, चूक माझी आहे. फोटोत ह्यांचा हात होता. मी काढायला नको होता.”

“तुझी नाही,” सासूबाई म्हणाल्या. “ज्याची आहे त्याला ठाऊक आहे.”

साहेबांनी नम्रपणे वाकून विचारलं, “आजी, मग तुमचं म्हणणं काय आहे?”

“म्हणणं काही नाही. होडी अर्ध्या चढणीवर आहे. टेकली नाही अजून.”

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात गर्दीतून काठीचा आवाज आला. लंगडा तांडेल पुढं येत होता. तो हसणाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला, त्याला नीट निरखलं, आणि मग साहेबांकडे वळला. “तिला उठवायच्या भानगडीत पडू नका, साहेब. हाक आल्याशिवाय ती सोडत नाही. आणि नुसती हाक दिली तर काय होतं, ते माझ्याकडं बघा.”

आता सगळे ह्यांच्याकडे बघत होते. हे दोरीपाशी आले. खाली वाकले आणि हळूच, फक्त आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “टेकली, आई. सोड आता.”

सासूबाईंनी मान वर केली. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर नुसता हट्ट होता. आता राग आला, खरा, पांढराफटक राग.

“पाचर कुठाय?”

ह्यांनी रिकामे हात मागं घेतले.

“पाचरीविना हाक देतोस? त्यांचा मुलगा होऊन?”

हे ताठ उभे राहिले. क्षणभर वाटलं, आता ओरडतील. पण ते वळले आणि गर्दीतून वाट काढत सरळ दाराबाहेर गेले. लोकांना वाटलं, सेक्रेटरी रागावून घरी गेले. मलाही तेच वाटलं. साहेबांना कोणीतरी खुर्ची दिली, चहा आला. सासूबाईंना चहा दिला तर त्यांनी डाव्या हातानं घेतला, उजवा हलवला नाही. हातावरच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. रंगवलेला, रिकामा, कशालाच न जोडलेला रहाट. पण त्यांच्याकडं बघून कोणालाही वाटलं असतं की दोराच्या त्या टोकाला खरंच काहीतरी आहे. मला वाटलं. मी मनात म्हटलं, आई, सोडू नका. उपाशी राहीन पण इथंच बसेन तुमच्याबरोबर.

हे परत आले तेव्हा घामानं निथळत होते. काखेत स्वयंपाकघरातला फोटो होता. चौकट तेलकट, काच धुरानं पिवळी पडलेली. ते कोणाकडे न बघता वायरमनपाशी गेले. “हातोडा दे. आणि एक मोठा खिळा.”

“भिंत नवीन रंगवलीय, सेक्रेटरीसाहेब,” वायरमन म्हणाला.

“ठाऊक आहे. रंगाचं टेंडर मीच काढलं होतं.”

वायरमन फोटोवालीकडे बघू लागला. फोटोवालीनंच त्याच्या पिशवीतून हातोडा काढून ह्यांच्या हातात दिला.

मोठ्या फोटोच्या डाव्या कडेला लागून ह्यांनी खिळा धरला आणि ठोकायला लागले. पहिले दोन घाव चुकले, पांढऱ्या रंगाचे पोपडे सासूबाईंच्या केसांवर पडले. मग घाव नीट बसू लागले. बर्फखान्याच्या उंच छताखाली तो आवाज घुमत होता, लाकडावर लाकूड बसतं तसा, आणि वाळूवरचे दिवस पाहिलेले म्हातारे एकेक करून टोप्या काढत होते. खिळा बसला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी हलवून बघितला, पुन्हा एकदा हलवून बघितला. मग त्यावर तो लहानसा फोटो टांगला. त्यात सासरे होते, रहाट होता, आणि हात होता. ‘नजर दूर समुद्राकडे’ ही पाटी ह्यांनी खरवडून काढली आणि खिशात घातली.

मग ते भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले. आईकडे वळले नाहीत. त्यांची पाठ हलत होती.

“टेकली!”

ही हाक अशी मोठ्यानं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. लहानपणापासून त्यांनी ती कधी मारलीच नव्हती, मारायची त्यांना लाज वाटायची. मीटिंगमध्ये बोलतात तसला हा आवाज नव्हता. पोटातून आलेला, शेवटाला किंचित फाटलेला, वाळूच्या टोकापर्यंत जाईल एवढा मोठा. लंगड्या तांडेलानं डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी ऐकलं. जरा थांबल्या, जणू पाचर खरंच भार घेते की नाही ते बघत होत्या. मग खांदा सैल सोडला. कोपर सैल झालं. पण बोटं दांड्याभोवती मिटली होती ती उघडेनात.

मी पुढं व्हायला गेले. माझं कामच ते. पण हे माझ्या आधी दोरी ओलांडून आत गेले आणि फरशीवर आईसमोर बसले, इस्त्रीच्या पँटीची पर्वा न करता. अंगठा आधी उचलला. मग त्याच्या शेजारचं बोट, अगदी सावकाश. पेपरच्या फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला.

“कड कापलीस तर बघ,” मी त्याला म्हटलं.

“नाही कापत, ताई. सेक्रेटरीसाहेब, आजी, इकडे बघा! इकडे!”

दोघांनीही बघितलं नाही. हे खाली मान घालून आईच्या हाताकडे बघत होते. मधलं बोट सुटलं, त्याच्या शेजारचं सुटलं. करंगळी तेवढी राहिली, दांड्याला आकड्यासारखी अडकून. ह्यांनी ती एकदा चाचपली, आणि मग आपला हात काढून घेऊन ती तशीच राहू दिली.